डिफरन्शियलमध्ये नुसतं तेल भरण्यापुरती मोटार त्यांना नको होती, गोष्ट वालचंद हिराचंद यांची

दसरा झाला की बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड मजुरांची निघायची घाई सुरू होते. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, कोयत्यांना धार लावून झालेली असते. आणि याच दिवसांत ट्रक, ट्रॅक्टर गॅरेजच्या दारात उभे राहतात. पुढे धारूरचा नाहीतर मांजरसुंब्याचा घाट असतो, त्यापुढे इंदापूर, सांगली, कोल्हापूर, थेट कर्नाटकापर्यंतचा रस्ता. मागे माणसं, लेकरं, भांडीकुंडी, सरपण, शेळ्या सगळं भरलेलं.

मिस्त्री गाडीखाली सरपटत जातो. मागच्या दोन चाकांच्या मधोमध एक लोखंडी भोपळा असतो, त्याचा बोल्ट खोलतो आणि बोट आत घालून बघतो. बोटाला तेल लागलं तर ठीक. नाही लागलं तर ९० नंबरचं तेल मागवतो.

या भोपळ्यात जे बसलेलं असतं त्याला डिफरन्शियल म्हणतात. गॅरेजमध्ये ‘क्राऊन’ म्हटलं तरी कळतं. हे तेल कमी पडलं तर भरल्या गाडीचे दाते घाटात उडतात आणि गाडी जागेवर बसते.

आता याचा आणि वालचंद हिराचंद यांचा काय संबंध, तर संबंध असा की भारतात एके काळी मोटारी जोडल्या जायच्या, पण त्यांचे दाते इथे पाडले जात नव्हते. परदेशातून सुटे भाग पेट्यांत भरून यायचे, इथले कामगार ते बोल्टनं आवळायचे, तेल भरायचे आणि गाडी रस्त्यावर यायची. सोलापूरचा एक माणूस म्हणत होता की एवढ्यावर भागणार नाही. अख्खी मोटार इथेच झाली पाहिजे.

पण आधी त्या भोपळ्याचं काम समजून घेऊ, म्हणजे पुढचं भांडण नीट कळेल.

बैलगाडीला डिफरन्शियल लागत नाही. तिचा आख जागेवर असतो आणि दोन्ही चाकं त्यावर सुटी फिरतात. गाडी वळली की बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं, आतल्याला कमी. दोन्ही चाकं आपापल्या हिशोबानं फिरतात, एकाचं दुसऱ्यावाचून अडत नाही. आखाला वंगण लावलं की झालं.

रेल्वेचं उलटं आहे. तिथे दोन्ही चाकं आखाला घट्ट बसवलेली असतात. पण चाकाचा रुळावर टेकणारा भाग किंचित उतरता असतो. वळणावर डबा जरा बाहेर सरकतो, बाहेरचं चाक त्याच्या मोठ्या घेरावर चालतं आणि आतलं लहान घेरावर. वळणं लांबरुंद ठेवली की भागून जातं.

मोटारीला मात्र दोन्ही गोष्टी एकदम हव्या असतात. इंजिनची ताकद मागच्या दोन्ही चाकांना पोचवायची आणि शिवाय दोघांना वेगवेगळ्या वेगानं फिरूही द्यायचं. ओनेसिफोर पेकर नावाच्या फ्रेंच कारागिरानं १८२७ च्या सुमारास वाफेच्या गाडीसाठी दात्यांची एक जुळणी काढली. इंजिनकडून आलेला लांब दांडा पिनियन नावाच्या लहान गिअरला फिरवतो, पिनियन मोठ्या क्राऊन गिअरला फिरवतो आणि क्राऊनच्या पोटात बसलेले चिमुकले गिअर दोन्ही चाकांमधला फरक सांभाळतात. गाडी सरळ चालली की हे चिमुकले गिअर आपल्या जागी गप्प असतात. वळण आलं की फिरायला लागतात.

बैलगाडी, रेल्वे आणि मोटार. या तिन्हींचा चांगलाच अनुभव घेतलेला माणूस म्हणजे वालचंद.

२३ नोव्हेंबर १८८२ ला सोलापुरात त्यांचा जन्म झाला. घराणं मूळ सौराष्ट्रातलं, गुजराती जैन, पण सोलापुरात रुजलेलं. वडील हिराचंद नेमचंद दोशी यांचा कापसाचा आणि सावकारीचा व्यवहार होता, समाजसुधारक म्हणूनही त्यांचं नाव होतं. वालचंद मुंबईला सेंट झेवियर्समध्ये शिकले, पुण्याला डेक्कन कॉलेजमध्ये गेले, पण पदवी काही घेतली नाही. घरच्या पेढीवर बसून व्याज मोजायचं तर तेही जमेना.

मग त्यांना भेटले लक्ष्मणराव फाटक. फाटक रेल्वेत कारकून राहिलेले, कामाची माहिती त्यांच्याकडे होती. पैसा वालचंद यांच्याकडे होता. दोघांनी मिळून ठेका घेतला तो बार्शी लाईट रेल्वेचा. येडशी ते तडवळे, जवळपास ७ मैलांचं काम.

येडशी, तडवळे ही गावं आजच्या धाराशिव जिल्ह्यातली, म्हणजे बीडच्या अगदी शेजारची. तेव्हा हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. कुर्डुवाडीहून निघालेली ही अडीच फुटी रुळांची छोटी गाडी पुढे १९११ मध्ये लातूरला पोचली. बीड शहरात प्रवासी रेल्वे यायला मात्र १७ सप्टेंबर २०२५ उजाडावं लागलं. परळीला रेल्वे होती, पण जिल्ह्याच्या बाकीच्या भागाला शंभर-सव्वाशे वर्षं बैलगाडी, एसटी, जीप आणि ट्रक यांचाच आधार होता. बीडमधल्या माणसाला डिफरन्शियलचं तेल महत्त्वाचं का वाटतं, याचं अर्धं उत्तर इथेच आहे.

वालचंद मात्र तिथे थांबले नाहीत. ७ मैलांच्या कामावरून ते बोर घाटातल्या रेल्वे बोगद्यांपर्यंत गेले, सिंधू नदीवरच्या कालाबागच्या पुलापर्यंत गेले. १९२६ मध्ये हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी सुरू झाली, जी आज एचसीसी म्हणून ओळखली जाते.

मधेच जहाजाचा नाद लागला. पहिलं महायुद्ध संपलं तेव्हा ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांचं एक जहाज विकायला निघालं होतं. वालचंद यांनी नरोत्तम मोरारजी वगैरे मंडळींना सोबत घेऊन ते विकत घेतलं. सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी उभी राहिली आणि ५ एप्रिल १९१९ ला ‘लॉयल्टी’ नावाचं ते जहाज मुंबईहून लंडनकडे निघालं. ५ एप्रिलला आपल्याकडे राष्ट्रीय सागरी दिन असतो तो यामुळेच. इंग्रज जहाज कंपन्यांनी भाडी पाडून सिंदियाला बुडवायचा बराच प्रयत्न केला, वालचंद वर्षानुवर्षं त्यांच्याशी भांडत राहिले.

पुढे साखर. नाशिक जिल्ह्यात रावळगाव आणि इंदापूर तालुक्यात कळंबची माळरानं. १९३० च्या दशकात दोन्हीकडे ऊस उभा राहिला, कारखाने उभे राहिले. रावळगाव म्हटलं की लोकांना गोळ्या-चॉकलेटं आठवतात, ती याच घरातली. कळंबच्या वसाहतीचं नाव वालचंदनगर पडलं. बीडचे ऊसतोड मजूर आज ज्या पट्ट्यात हंगामाला उतरतात, त्यातलाच हा भाग.

आणि १९३९ मध्ये मोटार.

मोटारीचा कारखाना ही कल्पना एकट्या वालचंद यांची नव्हती. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी १९३५ मध्ये युरोप-अमेरिकेत फिरून कारखाने पाहिले होते आणि योजना तयार केली होती. मुंबईत तेव्हा गाड्या होत नव्हत्या असंही नाही. जनरल मोटर्सनं १९२८ मध्ये शिवडीला जोडणीचा कारखाना काढला होता, फोर्डचाही कारभार होता. पण ती जोडणी होती.

विश्वेश्वरय्यांची योजना पुढे न्यायला वालचंद अमेरिकेला गेले. फोर्डशी बोलणी जुळली नाहीत, क्रायस्लरशी जुळली. गंमत म्हणजे परतीच्या विमानात त्यांना विल्यम पॉली नावाचा विमानांचा अमेरिकन व्यापारी भेटला. मोटारीसाठी गेलेले वालचंद विमानाच्या कारखान्याचा विचार डोक्यात घेऊन आले. डिसेंबर १९४० मध्ये म्हैसूर संस्थानाच्या मदतीनं बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट उभी राहिली. आजची एचएएल ती हीच.

म्हणजे विमानाच्या कारखान्याला परवानगी मिळाली. जहाजाच्या गोदीचा दगडही विशाखापट्टणमला २१ जून १९४१ ला राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते बसला. मोटारीचा कारखाना मात्र अडला. विमानं सरकारला युद्धासाठी हवी होती. मोटारीच्या कारखान्याला युद्धाचा उद्योग मानायला सरकार तयार नव्हतं, आणि तसं मानल्याशिवाय बाहेरून यंत्रं आणणं अवघड. रणगाडे आणि लष्करी ट्रक धावत असलेल्या युद्धात मोटार उद्योग युद्धाच्या कामाचा नाही, हे सरकारचं म्हणणं कुणाला पटण्यासारखं नव्हतं. खरी अडचण दुसरी होती. भारतात मोटार झाली असती तर बाहेरच्या मोटारीचं गिऱ्हाईक कमी झालं असतं.

आता यंत्रं आणायची म्हणजे नेमकं काय आणायचं, हे डिफरन्शियलवरूनच चांगलं कळतं.

गाडीचा पत्रा ठोकून वाकवता येतो. सीट कुठेही शिवून मिळते. क्राऊन आणि पिनियनचं तसं नसतं. त्यासाठी मिश्र पोलाद लागतं. दाते सरळ नसतात, कमानीसारखे वळलेले असतात आणि ते पाडायला खास यंत्र लागतं. दाते पाडल्यावर गिअर भट्टीत घालून वरचा थर काचेसारखा कडक करायचा, आतला गाभा मात्र चिवट ठेवायचा, म्हणजे धक्का बसला तर दाता तुटत नाही. शेवटी क्राऊन आणि पिनियन एकमेकांवर घासून त्यांची जोडी लावायची. एकदा लावलेली जोडी आयुष्यभराची. म्हणूनच आजही मिस्त्री एकटं पिनियन बदलत नाही, जोडीच बदलतो.

त्यात १९२६ च्या सुमारास अमेरिकेत पॅकार्ड कंपनीच्या गाड्यांत नवा प्रकार आला, हायपॉइड गिअर. यात पिनियन क्राऊनच्या बरोबर मध्यावर न भिडता खालच्या बाजूला भिडतं. त्यामुळे इंजिनकडून येणारा दांडा खाली जातो, गाडीची बैठक खाली येते, दाते मोठे आणि मजबूत करता येतात, आवाजही कमी होतो. १९३० च्या दशकात हा प्रकार अमेरिकेत पसरला. पण त्यानं तेलाचा प्रश्न उभा केला.

साध्या गिअरमध्ये एक दाता दुसऱ्यावर बराचसा गडगडत जातो. हायपॉइडमध्ये तो घसरतही जातो. दोन कडक पृष्ठभाग प्रचंड दाबाखाली एकमेकांवर घासले की मधला तेलाचा पातळ पापुद्रा फाटतो. लोखंड लोखंडाला भिडतं, क्षणभर चिकटतं आणि ओरबाडलं जातं. साधं खनिज तेल कितीही दाट घेतलं तरी इथे पुरत नाही. म्हणून तेलात गंधक आणि फॉस्फरसची संयुगं घालायला लागले. दात्यावर उष्णता वाढली की ही संयुगं पोलादाशी संयोग पावतात आणि एक मऊ थर तयार होतो. झिजायचं ते त्या थरानं, दात्यानं नाही. तेवढ्यात दुसरा थर तयार होतो. डिफरन्शियलचं तेल काढताना जो उग्र, सडक्या अंड्यासारखा वास येतो तो या गंधकाचा.

डिफरन्शियलमध्ये तेल फिरवायला सहसा पंपही नसतो. क्राऊनचा खालचा भाग तेलात बुडालेला असतो. तो फिरतो तसा तेल उचलतो आणि वरच्या दात्यांवर, बेअरिंगवर फेकतो. आता धारूरचा घाट डोळ्यासमोर आणा. गाडी भरलेली, पहिला नाहीतर दुसरा गिअर, चाकं हळू फिरतायत. दात्यांवर दाब सर्वांत जास्त आणि तेल फेकलं जाण्याचा वेग सर्वांत कमी. पापुद्रा सर्वांत बारीक होतो तो इथे. सपाट रस्त्यावर महिनोन्महिने खपून गेलेली तेलाची कमतरता घाटात उघडी पडते, ती यामुळे.

तेल किती भरायचं, तर बहुतेक गाड्यांत भरायच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत, गाडी सपाट जागी उभी करून. जास्त भरलं म्हणजे जास्त चांगलं, असं नसतं. जादा तेल घुसळून फेसाळतं, तापतं आणि सील फोडून ब्रेकच्या लायनरपर्यंत जातं. तेल बदलताना आधी भरायचं वरचं बूच सैल होतंय का ते बघायचं आणि मगच खालचं काढायचं. नाहीतर जुनं तेल गेलं आणि वरचं बूच गंजून बसलंय, अशी पंचाईत होते. डब्यावर ९० लिहिलंय तेवढं बघूनही चालत नाही. ते दाटपणाचं माप आहे. दाब सोसायची ताकद जीएल-४, जीएल-५ या दर्जावरून कळते आणि हायपॉइडला साधारणपणे जीएल-५ लागतं. तेच तेल गिअरबॉक्समध्येही ओतावं का, तर कंपनीच्या पुस्तकात तसं लिहिलं असेल तरच. काही गिअरबॉक्समधल्या पितळी रिंगांना ते मानवत नाही.

भोपळ्याच्या वर एक बारीकशी नळी किंवा टोपी असते, ब्रीदर. चिखलानं ती बुजली की आतली तापलेली हवा सीलमधून वाट काढते. आणि पावसाळ्यात ओढ्यातून गाडी घातली की तापलेला भोपळा एकदम गार होतो, आतली हवा आकसते आणि पाणी आत ओढलं जातं. तेल दुधाळ दिसलं तर पाणी गेलंय असं समजायचं आणि बदलायचं, कितीही नवीन असलं तरी.

तर दाते आणि तेल हे असं एकमेकांना बांधलेलं प्रकरण आहे. ज्या देशात दाते पाडले जातात तिथे पोलादवाला, भट्टीवाला, यंत्रवाला आणि तेलाचा रसायनतज्ज्ञ असे सगळे तयार होतात. जिथे नुसती जोडणी होते तिथे फक्त पाना चालवणारा तयार होतो. विश्वेश्वरय्या आणि वालचंद यांचा मोटारीचा हट्ट यासाठी होता.

१९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्सची स्थापना झाली. कारखाना मुंबईत कुर्ल्याला. १९४७ मध्ये तिथून गाड्या बाहेर पडू लागल्या. डॉज, डिसोटो, प्लिमथ या मोटारी आणि डॉज, फार्गो हे ट्रक.

आणि इथे वालचंद यांच्या गोष्टीतली अवघड बाजू येते. सुरुवात त्यांनाही जोडणीनंच करावी लागली. क्रायस्लरच्या सुट्या भागांच्या पेट्या कुर्ल्यातही उघडल्या जात होत्या. म्हणजे ज्या गोष्टीला विरोध, तिच्यापासूनच सुरुवात. फरक एवढाच की शिवडीच्या जोडणीला जोडणीच राहायचं होतं आणि कुर्ल्याला एकेक भाग इथे करत पुढे जायचं होतं. सरकारनं ती वाट १९३९-४० मध्येच मोकळी केली असती तर कुर्ल्याची ७-८ वर्षं वाचली असती.

वालचंद यांच्यावर टीकाही झाली. एकाच वेळी जहाज, विमान, साखर, बांधकाम, मोटार असं सगळीकडे हात घालायची त्यांची सवय. एक काम पायावर उभं राहायच्या आत ते दुसऱ्याच्या मागे लागायचे. हिंदुस्थान एअरक्राफ्ट १९४२ मध्ये सरकारनं आपल्याकडे घेतली. विशाखापट्टणमच्या गोदीतून १४ मार्च १९४८ ला पंडित नेहरूंच्या हस्ते ‘जलउषा’ पाण्यात उतरली, पण ती गोदीही नंतर सरकारकडे गेली. टीका अगदीच खोटी नव्हती. पण त्या काळात या तिन्ही कारखान्यांसाठी इतकी धडपड करणारं दुसरं कोण होतं, हेही बघायला हवं.

१९४९ मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला. १९५० मध्ये त्यांनी कामातून अंग काढून घेतलं. पत्नी कस्तुरबाई यांनी शेवटपर्यंत त्यांची सेवा केली. दरम्यान १९५१ मध्ये कुर्ल्यात फियाट आली होती, छोटी, फियाट ५००. ८ एप्रिल १९५३ ला गुजरातमध्ये सिद्धपूर इथे वालचंद गेले. वय ७० वर्षं.

त्याच वर्षी टॅरिफ कमिशनच्या शिफारशीवरून सरकारनं धोरण ठरवलं की मोटारीचे भाग टप्प्याटप्प्यानं इथे तयार करायची योजना ज्यांच्याकडे असेल त्यांनीच भारतात धंदा करावा. नुसत्या जोडणीला परवानगी नाही. जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी गाशा गुंडाळला. वालचंद जे १९३९ पासून मागत होते ते सरकारनं मान्य केलं, तेव्हा ते पाहायला नव्हते.

१९५४ मध्ये कुर्ल्यात फियाट ११०० आली. तिचीच पुढची पिढी म्हणजे प्रीमियर पद्मिनी, मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी. ती ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून कायमची गेली. सांगलीच्या इंजिनिअरिंग कॉलेजला १९५५ मध्ये वालचंद यांचं नाव मिळालं.

वालचंदनगरमध्ये साखरेच्या कारखान्याच्या कडेनं यंत्रांचा कारखाना वाढत गेला. इस्रोच्या रॉकेटचे मोटर केसिंग तिथे तयार झाले. आणि साखर कारखान्यांत ऊस पिळणाऱ्या चरकांना फिरवणारे, माणसापेक्षा उंच असे गिअर तिथे पाडले जातात.